क्विनोआला भाताची नको, फोवाची (पोह्यांची) जागा द्या: गोव्याच्या घरात रोज करता येईल असा क्विनोआ

क्विनोआचं अर्धं पाकीट रबर लावून कपाटात मागे पडलंय असं घर गोव्यात आता शोधावं लागत नाही. डॉक्टरनी किंवा डायटिशियननी सांगितलेलं असतं, म्हापशाच्या नाहीतर फोंड्याच्या सुपरमार्केटातून आणलेलं असतं, मग एक दिवस उत्साहाने भातासारखं शिजवून त्यावर हुमण (नारळाची माशांची कढी) वाढलं जातं आणि घरातले दोन घास खाऊन ताट सरकवतात. त्यांचं चुकत नाही हो. उकड्या तांदळाचं शीत कसं मऊ फुगलेलं असतं, कालवल्यावर कढी धरून ठेवतं, बोटांनी घास होतो. क्विनोआचा दाणा बारीक, सुटा, त्याचा घासच होत नाही, आणि नारळाची कढी त्याच्यातून वाहून ताटाच्या कडेला जाऊन बसते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की दुपारचा भात आहे तिथेच राहू दे, क्विनोआ आणा तो फोवांच्या, रव्याच्या आणि पेजेच्या जागी. म्हणजे मुख्यतः सकाळी. तिथे तो आपल्या चवीला बसतो, पोट धरतो आणि मुलं पण कुरकुर न करता खातात. खाली धुण्यापासून सगळं सविस्तर लिहितेय, मापं चहाच्या कपाने नाही तर नेहमीच्या मोजायच्या कपाने धरा, एक कप म्हणजे साधारण १७० ग्रॅम कच्चा क्विनोआ.

आधी थोडी ओळख

हे पीक मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं, पेरू आणि बोलिव्हिया हे आजही त्याचे मोठे उत्पादक देश. तिकडचे लोक हजारो वर्षं खातायत, जगात सगळीकडे नाव झालं ते अलीकडे, संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे क्विनोआ वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. आता राजस्थान, आंध्रकडेही लावतात, त्यामुळे भारतीय पाकिटं मिळतात आणि ती बाहेरून आलेल्यांपेक्षा स्वस्त पडतात. दिसायला धान्य असलं तरी हे गवताचं बी नव्हे, तांदूळ-गहू-नाचणीच्या घराण्यातलं नव्हे. हा चाकवताचा अगदी जवळचा भाऊ, आणि आपली तांबडी भाजी, पालक, बीट, राजगिरा हे सगळे त्याच कुळातले. यात गव्हातलं ग्लूटेन नाही, गहू चालत नाही त्यांना बरं पडतं.

१०० ग्रॅम कच्च्या क्विनोआत साधारण १४ ग्रॅम प्रोटीन आणि ७ ग्रॅम फायबर असतं, पांढऱ्या तांदळात प्रोटीन साधारण त्याच्या अर्धं. शिवाय शरीराला बाहेरून लागणारी नऊच्या नऊ अमायनो आम्लं त्यात आहेत, ही गोष्ट शाकाहारी माणसाला महत्त्वाची, आपल्याकडे सोमवार-गुरुवार शिवराक (शाकाहार) पाळणारी घरं खूप आहेत, त्या दिवशी मासळी नसते तेव्हा याचा खरा उपयोग. पण म्हणून नाचणी बाजूला टाकू नका! कॅल्शियममध्ये नाचणी क्विनोआच्या कितीतरी पुढे आहे, तिझान (नाचणीची पेज) बंद करून क्विनोआ सुरू करण्यात काही अर्थ नाही, आठवड्यात दोन्ही असू दे.

घेताना काय बघायचं

पांढरा, लाल, काळा असे तीन प्रकार दिसतील. पहिल्यांदा घेत असाल तर पांढराच घ्या, तो लवकर शिजतो आणि मऊ होतो. लाल नि काळा शिजायला पाच-सात मिनिटं जास्त घेतात, दाताखाली कडक लागतात, डब्यातल्या कोशिंबिरीसारख्या प्रकाराला चांगले पण रोसात (नारळाच्या दुधात) किंवा पेजेत घालू नका. पाकीट छोटं घ्या, अर्धा किलो पुरे, पॅकिंगची तारीख ताजी बघा.

धुणं, इथेच सगळं बिघडतं

क्विनोआ कडू लागतो अशी तक्रार येते त्याचं कारण दाण्यावरचं सॅपोनिन. झाड स्वतःला पाखरांपासून वाचवायला हे कडू आवरण तयार करतं आणि ते पाण्यात चोळलं की फेस येतो, रिठ्याला जो फेस येतो तो सॅपोनिनचाच. पाकिटावर धुतलेला आहे असं छापलेलं असलं तरी घरी परत धुवा.

रोवळीत धुवायला जाऊ नका, दाणे फटीतून गळून जातात. भांड्यात क्विनोआ घेऊन भरपूर पाणी घाला, तळव्यांनी मिनिटभर चांगला चोळा, गढूळ पाणी बारीक जाळीच्या गाळणीतून काढा. चहाची मोठी गाळणी चालते, नाहीतर पंचाचा धुतलेला तुकडा चाळणीवर पसरून त्यावर ओता. असं तीन-चार वेळा, फेस यायचा बंद होईपर्यंत. शंका असेल तर कच्चा एक दाणा जिभेवर ठेवा, कडू लागला तर अजून एक पाणी. वेळ असेल तर पंधरा-वीस मिनिटं भिजत ठेवून ते पाणी टाकून द्या, कडवटपणा आणखी कमी होतो आणि पोटालाही हलका पडतो. ते पाणी स्वयंपाकात वापरू नका, त्यातच कडूपणा उतरलेला असतो.

मग निथळत ठेवायचा, निदान दहा मिनिटं. ही पायरी गाळली की पाण्याचं माप चुकतं आणि लगदा होतो, कारण ओल्या दाण्यात आधीच बरंच पाणी असतं.

शिजवणं

जाड बुडाच्या तोपात चमचाभर खोबरेल किंवा तूप गरम करा, निथळलेला क्विनोआ घालून मध्यम आचेवर परता. आधी चिकटतो, मग दाणे सुटे होतात, मग भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास यायला लागतो, चार-पाच मिनिटं लागतात. हे परतणं वेळ घेतं पण यानेच चव बदलते, मातकट वास जातो, मी कधी टाळत नाही.

आता पाणी. पाकिटावर एकाला दोन छापलेलं असतं, पण धुऊन निथळलेल्या क्विनोआला एका कपाला पावणेदोन कप पुरतं, फोडणीला घालायचा असेल तर मी तेवढंच घालते, पेजेला किंवा रोसाला मऊ हवा असेल तर दोन. पाणी उकळतं घाला, पाव चमचा मीठ, एक उकळी आली की आच अगदी बारीक करून झाकण ठेवा आणि पंधरा मिनिटं त्याला हात लावू नका. ढवळायचं नाही, सारखं झाकण उघडून बघायचं नाही. शिजला की दाणा पारदर्शक होतो आणि त्यातून पांढरा बारीक शेपटासारखा कोंब सुटून बाहेर येतो, हीच खूण. मधे पांढरा ठिपका राहिला असेल तर दोन चमचे पाणी शिंपडून अजून तीन मिनिटं.

गॅस बंद केल्यावर झाकण तसंच ठेवून दहा मिनिटं मुरू द्या, मग काट्याने हलक्या हाताने मोकळा करा. डावाने ढवळलात तर चिवट गोळा होईल. एक कप कच्च्याचा जवळपास तीन कप होतो, चौघांच्या नाश्त्याला भरपूर.

कुकरवाल्यांसाठी: एका कपाला दीड कप पाणी, मध्यम आचेवर एक शिट्टी, गॅस बंद, आणि प्रेशर आपोआप उतरू द्यायचं. तो तोपातल्याइतका सुटा होत नाही पण घाईच्या सकाळी चालतो.

खरी सोय मात्र आदल्या रात्री शिजवून ठेवण्यात आहे. ताटात पसरून वाफ जाऊ द्या, गार झाला की लगेच झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये, तीन ते चार दिवस छान राहतो. आपल्या दमट हवेत रात्रभर ओट्यावर ठेवू नका, सकाळपर्यंत आंबूस होतो. आणि फोडणीला तर गार क्विनोआच जास्त चांगला, दाणे घट्ट झालेले असतात, मोडत नाहीत.

फोवांसारखा, फोडणीचा

इथून सुरुवात करा, कारण ही चव सगळ्यांच्या तोंडात बसलेलीच आहे. तीन कप शिजलेला क्विनोआ, दोन मोठे चमचे खोबरेल, एक चमचा मोहरी, हिंग, दोन हिरव्या मिरच्या, दहा-बारा कढीपत्त्याची पानं, एक मोठा कांदा, एक उकडलेला बटाटा, पाव चमचा हळद, मीठ, चमचाभर साखर, अर्धं लिंबू, आणि पाऊण वाटी खोवलेला नारळ.

मोहरी पूर्ण तडतडू द्या, मग हिंग, मिरची, कढीपत्ता, कांदा. कांदा लाल करायचा नाही, नुसता मऊ. बटाट्याच्या फोडी बारीक हव्यात, क्विनोआचा दाणा एवढासा आणि त्यात बटाट्याचे ढेकूळ आले तर जोडी जमत नाही. हळद-मीठ-साखर घालून परतलं की क्विनोआ घाला. पोह्यांना आपण झाकण ठेवून वाफ काढतो, इथे तसं करू नका, हा आधीच ओलसर असतो, झाकलात की लगदा होईल. उघडाच तीन-चार मिनिटं परता, बुडाला थोडा कुरकुरीत झाला तर अजून छान. गॅस बंद करून लिंबू, खोबरं, कोथिंबीर.

खोबऱ्यात कंजूषी करू नका हं. क्विनोआ मुळात कोरडा लागतो, नारळाच्या ओलाव्याने तो सैल होतो, आणि गोव्यात बसून नारळ मोजायचा म्हणजे काय! पावसात सात शिरांचा भेंडा मिळतो तेव्हा बटाट्याऐवजी तो बारीक चिरून आधी वेगळा परतून घाला, चिकटपणा जाऊ दे मग मिसळा.

हेच शेवयांच्या किंवा रव्याच्या उपम्यासारखं हवं असेल तर चमचाभर उडीद डाळ फोडणीत लाल करा, काजूचे तुकडे घाला, हळद सोडून द्या. झाला उपमा.

रोसातला, गोड

दिवाळीच्या सकाळी आपल्याकडे रोसातले फोव होतात तीच पद्धत, एकच फरक, पोहे रोसात भिजून मऊ होतात, क्विनोआ मात्र आधी पूर्ण शिजलेला लागतो. गूळ पडल्यावर दाणा पुढे फारसा मऊ होत नाही, म्हणून ही घाई करू नका.

मध्यम नारळ खोवून कोमट पाण्यात वाटा, पिळून पहिला दाट रोस एक कप बाजूला ठेवा, मग त्याच चोथ्यात पाणी घालून दुसरा पातळ रोस दीड कप काढा. माडाचं गूळ पाऊण वाटी, ते थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या, त्यात कचरा असतोच. अर्धा कप क्विनोआ धुऊन एक कप पाण्यात शिजवा, मऊ झाला की पातळ रोस घालून बारीक आचेवर पाच-सात मिनिटं, मग गुळाचं पाणी, चिमूटभर मीठ, एक-दोन मिनिटं खदखदू दे. गॅस बंद करा आणि थोडं निवल्यावरच दाट रोस आणि वेलची. दाट रोस उकळला की फाटतो, वर तेल तरंगतं, चव राहते पण तो मऊपणा जातो.

वरून मयड्याच्या (बार्देशातलं गाव) केळ्याच्या चकत्या. हे केळं मिळालं नाही तर कुठलंही पिकलेलं गावठी केळं चालेल, मग गूळ थोडा कमी करा. गरम छान लागतो, फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी गार खाल्ला तर खिरीसारखा दाट होतो, मुलांना तो जास्त आवडतो. दुधात करायचा असेल तर तोच नियम, दूध गरम असताना गूळ टाकायचा नाही, नासतं.

ताकातला याहून सोपा. पूर्ण गार क्विनोआ, घट्ट ताक किंवा घुसळलेलं दही, मीठ, किसलेलं आलं, वरून मोहरी-मिरची-कढीपत्त्याची फोडणी. एप्रिल-मे मधे सकाळी गरम काही नकोसं होतं तेव्हा हेच.

पेज

वयस्कर माणसं घरात असली की पेज लागतेच, आणि त्यांच्या खाण्यात प्रोटीन कमी पडतं ही काळजीपण असतेच, तिथे हा गपचूप बसतो. नुसत्या क्विनोआची पेज करू नका, ती पेज वाटतच नाही, स्टार्च कमी सुटतो आणि वर पाणी खाली दाणे राहतात. अर्धा कप उकडे तांदूळ सहा-सात कप पाण्यात नेहमीसारखे चढवा, अर्धे शिजले, साधारण पाऊण भाग फुगले की पाव कप धुतलेला क्विनोआ घाला, मग वीस मिनिटं. दोन्ही एकाच वेळी घातलेत तर क्विनोआ विरघळून जातो. मीठ शेवटी. सोबत कैरीचं खारं, भाजलेला सुको बांगडा, नाहीतर आटवलेली कालची कढी, यातलं काहीही.

पोळे आणि आप्पे

एक कप क्विनोआ, एक कप साधे तांदूळ, अर्धा कप उडीद डाळ, अर्धा चमचा मेथी. क्विनोआ चोळून धुवा आणि वेगळा भिजवा, त्याचं पाणी टाकून द्यायचं आहे म्हणून. पाच-सहा तासांनी सगळं एकत्र बारीक वाटा आणि रात्रभर आंबवा, उन्हाळ्यात लवकर वर येतं तेव्हा मोठं भांडं घ्या. पोळे (डोसे) खरपूस होतात पण साध्या पोळ्याइतके जाळीदार नाही, तवा नीट तापलेला हवा आणि कडेने तेल सोडावं लागतं. उरलेल्या पिठात दुसऱ्या दिवशी कांदा, मिरची, खोबऱ्याचे बारीक तुकडे घालून आप्पे. तांदूळ पूर्ण काढून नुसत्या क्विनोआचे पोळे करायचा हट्ट नको, उलटताना तुटतात.

डब्यासाठी आणि संध्याकाळी

ऑफिसच्या डब्याला लाल क्विनोआ चांगला, दुपारपर्यंत सुटा राहतो. भिजवून उकडलेले आळसांदे (चवळी), चिरलेला कांदा, काकडी, भाजलेले काजू, कोथिंबीर, लिंबू, मीठ, वरून फोडणी. क्विनोआ एक वाटी तर आळसांदे अर्धी वाटी हे प्रमाण ठेवा. कांदा-लिंबू वेगळ्या डबीत नेलात तर पाणी सुटत नाही.

तांबडी भाजी नेहमीसारखी कांदा-मिरचीवर परता, पाणी आटत आलं की मूठभर शिजलेला क्विनोआ घाला आणि मग खोबरं. सुटलेला रस तो पिऊन घेतो, भाजी कोरडी छान होते, पोयीत (गोव्याच्या पावात) भरून खायला मस्त.

आणि मासे खाणाऱ्यांसाठी एक गोष्ट मला फार आवडते, ती म्हणजे किसमूर, सुक्या मासळीची कोशिंबीर. सुकी सुंगटं (कोळंबी) मंद आचेवर कुरकुरीत भाजून डोकी-शेपट्या काढा, ओलं खोबरं, बारीक कांदा, मिरची, कोकमाचं आगळ थेंबभर, आणि त्यात गार क्विनोआ एक कप. जेवायला बसायच्या आधी पाच मिनिटं मिसळा, सुंगटं मऊ पडली की मजा गेली. हे तर रात्रीचं हलकं जेवण म्हणून पूर्ण होतं, वर सोलकढी.

हुमण, खतखतं, आंबट तीख यांच्याबरोबर मात्र भातच वाढा. तिरफळाच्या कढीला उकडा तांदूळ लागतो, दुसरं काही नाही.

किती खायचा, कोणी सांभाळून

शिजलेला वाटीभर, म्हणजे साधारण १५० ग्रॅम, त्यात ६ ते ७ ग्रॅम प्रोटीन येतं. एवढंच, म्हणून नाश्त्यात सोबत उकडलेलं अंडं, मुगाची उसळ किंवा दही असू दे. कॅलरी त्या वाटीत १८० च्या आसपास, त्यामुळे वजन कमी करायला म्हणून तीन वाट्या खाल्ल्या तर वजन कमी होणार नाही. डायबेटीसवाल्यांना पांढऱ्या भातापेक्षा बरा, साखर हळू चढते, पण यातही पिष्ट आहेच, वाटी मोजून घ्या, आणि रोसातला गुळाचा प्रकार तुमच्यासाठी नाही. मुतखड्याचा त्रास झालेल्यांनी डॉक्टरना विचारून खा, पालकासारखी यातही ऑक्झलेट असतात. पहिल्या आठवड्यात अर्ध्या वाटीवर थांबा, फायबर एकदम वाढलं की पोट फुगतं.

उपवासाला चालतो का, हे बऱ्याच जणी विचारतात. राजगिऱ्याच्या कुळातला आहे म्हणून काही घरात चालवतात, काहींना परकं बी नको वाटतं. घरच्या मोठ्यांना विचारून ठरवा.

पावसाळ्यात ठेवायचा कसा

क्विनोआत तांदळापेक्षा तेल जास्त असतं म्हणून तो खवट होतो, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या ओल्या हवेत किडाही लागतो. पाकीट फोडलं की काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, आणि पावसात ती बरणी सरळ फ्रिजमध्ये. ओला चमचा घालू नका. धुऊन वाळवून साठवायच्या भानगडीत पडू नका, गोव्याच्या पावसात तो पूर्ण वाळतच नाही आणि बुरशी धरतो, करायच्या दिवशीच धुवा. महिन्यातून एकदा बरणी उघडून वास घ्या, जुन्या तेलासारखा वास आला तर तो परतून, मसाला घालून सुधारत नाही, टाकून द्या.